पडद्याआडच्या अशिलांची वकील

भारतातील पहिली स्त्री वकील म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव घेतले जाते. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. कायद्याच्या परीक्षा देणे, सनदेसाठी झगडणे, न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मागणे ही त्यांच्या दृष्टीने साधने होती. ज्यांच्यासाठी त्यांनी या साधनांचा ध्यास घेतला त्या स्त्रिया न्यायालयाची पायरी कधी चढल्या नव्हत्या आणि चढण्याची त्यांना मुभाही नव्हती. त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर जमिनी होत्या, वाडे होते, दागदागिने होते. कायद्याने त्यांना काही हक्कही दिलेले होते. परंतु हक्क आणि ती स्त्री यांच्या मध्ये जनानखान्याचा पडदा होता व त्या पडद्याच्या तोंडाशी कोणीतरी कारभारी उभा होता. या स्त्रियांपर्यंत न्याय कसा पोचवावा, या एका प्रश्नाने कॉर्नेलियाबाईंचे सारे आयुष्य व्यापले. गरजू स्त्रीला मोफत वकील देण्याचा कायदा आज देशात आहे. तरीही तो प्रश्न संपलेला नाही. म्हणून या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहणे उचित ठरेल.

नाशिक आणि पुणे

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातले. तरुण वयात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे त्यांना आप्तांचा रोष सोसावा लागला होता. आई फ्रान्सिना यांचे पालनपोषण एका इंग्रज दांपत्याने केले होते. पुण्यात स्थिरावल्यावर आईने मुलामुलींसाठी शाळा काढल्या आणि त्या चिकाटीने चालविल्या. या घरात मुलींचे शिक्षण हा वादाचा विषयच नव्हता. पुढे धाकट्या भगिनी सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेना ही शाळा स्थापन केली आणि दुसऱ्या भगिनी अॅलिस डॉक्टर झाल्या.

आईकडे अडलेल्या स्त्रिया सल्ल्यासाठी येत. त्यांत एकदा एक धनवान गुजराती विधवा आली. तिने विश्वासाने आपल्या कारभाऱ्याच्या सांगण्यावरून एका कागदावर सही केली होती आणि त्या सहीनिशी तिची मालमत्ता त्याच्या घशात गेली होती. जिच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशी कायदा जाणणारी स्त्री तिच्या आटोक्यात कोठेही नव्हती. परपुरुष असलेल्या वकिलासमोर जाऊन आपली कैफियत मांडणे तिच्या रीतीभातीत बसत नव्हते. हा प्रसंग लहानग्या कॉर्नेलियाच्या मनावर कोरला गेला. अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शीक, ही आईची शिकवण तिने त्याच वयात उचलली. त्यावेळी हिंदुस्थानातच काय, इंग्लंडातही स्त्रीला वकिली करता येत नव्हती.

डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. महाविद्यालयात त्या पहिल्या आल्या होत्या आणि या यशावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. परंतु उमेदवार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून ती नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात मुलग्यांच्या वर्गाला इंग्रजी शिकविले. इकडे इंग्लंडमधील मेरी हॉबहाउस आदी हितचिंतकांनी निधी उभारला. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. अखेर १८८९ साली कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल येथे दाखल झाल्या. मनाविरुद्ध लावलेले लग्न नाकारून मुंबईच्या न्यायालयात आणि न्यायालयाबाहेरही लढलेल्या रखमाबाई वैद्यकीच्या शिक्षणासाठी विलायतेला गेल्या त्या याच वर्षी. एकीने न्यायालयाचा अनुभव प्रतिवादी म्हणून घेतला होता. दुसरीला तेथे इतर स्त्रियांची बाजू मांडायची होती.

विद्या मिळाली, अधिकार नाही

ऑक्सफर्डमध्ये बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांचा पाठिंबा त्यांना लाभला. बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस स्त्रीला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. १८९२ साली त्या परीक्षेला बसल्या आणि तृतीय वर्गात उत्तीर्ण झाल्या. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत. परीक्षा देता आली, पदवी मात्र मिळाली नाही. स्त्रियांना पदव्या देण्यास ऑक्सफर्डने प्रारंभ केला तो १९२० साली. म्हणजे उत्तीर्ण झाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी.

लंडनमधील एका सॉलिसिटर पेढीत अनुभव घेऊन त्या मायदेशी परतल्या, तेव्हा त्यांची स्थिती मोठी चमत्कारिक होती. बहुतेक वकिलांहून अधिक कायदा त्यांना येत होता आणि न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेतील एका तरतुदीनुसार न्यायाधीशाच्या परवानगीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येत असे. या फटीतून वाट काढून १८९६ साली त्या पुण्याच्या सत्र न्यायालयात उभ्या राहिल्या. काठेवाड आणि इंदूर या भागांतील संस्थानी प्रकरणांतही ब्रिटिश एजंटांपुढे स्त्रियांची गाऱ्हाणी मांडण्याची त्यांना खास परवानगी मिळाली. परंतु परवानगी ही कृपा असते. देणाऱ्याची मर्जी फिरली की ती संपते, आणि अशा मर्जीवर अशिलाचे भवितव्य टांगून ठेवता येत नाही.

कॉर्नेलियाबाईंनी म्हणून रीतसर अर्हता मिळविण्याचा मार्ग धरला. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली. १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही सनद नाकारण्यात आली. एका हाती दोन परीक्षांची प्रमाणपत्रे आणि दुसऱ्या हाती नकार, अशा अवस्थेत त्यांना पुढची वीसएक वर्षे काढावी लागली.

कारभाऱ्यांचे राज्य

पडदानशीन स्त्रीची अडचण नेमकी काय होती, हे समजून घेतल्याखेरीज बाईंच्या कार्याचे मोल कळणार नाही. महाराष्ट्रात सर्वसामान्य स्त्रियांत कडक पडदा नव्हता. काठेवाडातील संस्थानी घराण्यांत आणि बंगाल-बिहारच्या जमीनदार कुटुंबांत मात्र स्त्रीने परपुरुषासमोर येणे निषिद्ध मानले जाई. पती निधन पावला की विधवेकडे इस्टेटीचा हयातीपुरता अधिकार येई, किंवा पोटगीचा व राहत्या घराचा हक्क येई. मुलगा अज्ञान असेल तर त्याचे पालकत्वही येई. पण जमाखर्च कारभाऱ्याच्या हाती, दस्तऐवज कारभाऱ्याच्या पेटीत आणि वकिलाशी बोलणे कारभाऱ्याच्या तोंडून! पडद्याआडून हात बाहेर काढून तिने अंगठा उठवायचा. तो कशावर उठला हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता. पडद्यामागे बोलणारी स्त्री तीच आहे की दुसरी कोणी आहे, हे न्यायाधीशालाही कळत नसे.

अशा स्त्रियांच्या संरक्षणासाठी न्यायालयांनी एक चांगले तत्त्व घालून दिले होते. पडदानशीन स्त्रीने करून दिलेल्या दस्ताचा लाभ जो मागतो, त्यानेच तो दस्त तिला समजला होता हे सिद्ध केले पाहिजे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलपर्यंत मान्य झालेला होता. परंतु या दंडकाचा उपयोग प्रकरण न्यायालयापुढे आले तरच व्हावयाचा. आपली फसवणूक झाली आहे हेच जिला ठाऊक नाही, ठाऊक झाले तरी जिचे म्हणणे फसविणाऱ्याच्याच मार्फत वकिलाकडे जावयाचे आहे, तिला त्या दंडकाचा काय लाभ? येथे दोष कायद्याच्या कलमांत जेवढा होता त्याहून अधिक, कलम आणि स्त्री यांना जोडणाऱ्या माणसाच्या अभावात होता.

हा दुवा सरकारनेच निर्माण करावा, अशी मागणी कॉर्नेलियाबाईंनी १९०२ सालापासून लावून धरली. स्त्रिया व अज्ञान वारस यांच्यासाठी प्रांतिक न्यायालयांत स्त्री कायदेसल्लागार नेमावी, अशी ही योजना होती. १९०४ साली बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या आणि कारभार पाहण्यास अक्षम ठरविलेल्या मालकांच्या इस्टेटी सरकारच्या ताब्यात घेऊन चालविणारी ही यंत्रणा होती. तिचे अधिकारी पुरुष असल्यामुळे ज्यांच्या इस्टेटी ते चालवीत त्या स्त्रियांची साधी भेटसुद्धा त्यांना घेता येत नसे. बाईंची नेमणूक ही उणीव भरून काढण्यासाठी होती. पुढे त्यांचे कार्यक्षेत्र बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम असे विस्तारले.

आगगाडी, होडी, पालखी, प्रसंगी हत्ती, मिळेल त्या वाहनाने प्रवास करून त्या दूरदूरच्या वाड्यांत पोचत. जनानखान्यात जमिनीवर बसून विधवेचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकत. थकलेली पोटगी, सासू-सुनांचे तंटे, दत्तकाचे वाद, हरवलेले दागिने, अज्ञान मुलाच्या जिवाची भीती, त्याचे शिक्षण, मुलीचे आजारपण असे सारे त्यांच्यापुढे येई. यांतील बरेचसे प्रश्न न्यायालयात जाण्याच्या आतच सुटत. कारण कागद वाचणारी व खरे सांगणारी एक व्यक्ती आता पडद्याच्या आतल्या बाजूला होती. सुमारे वीस वर्षांच्या काळात त्यांनी अंदाजे सहाशे स्त्रियांना आणि अनाथ वारसांना साहाय्य केले. त्यांत काहींचे काम त्यांनी मोबदला न घेता केले. १९०९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

हा गौरव चालू असताना न्यायालयाचे दार मात्र त्यांना बंदच होते. सरकार त्यांच्या सल्ल्यावर इस्टेटींचे निर्णय घेई, परंतु तोच सल्ला न्यायाधीशापुढे उभे राहून मांडण्यास त्या अपात्र होत्या.

दार उघडले

स्त्रीला वकिलीची सनद मिळू शकते काय, हा प्रश्न १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयापुढे रेजिना गुहा यांच्या अर्जाच्या निमित्ताने आला. कायद्यात पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगाचाही समावेश होतो, असा सर्वसाधारण नियम असताना वकिलीच्या कायद्याला मात्र पूर्णपीठाने तो लागू केला नाही आणि अर्ज फेटाळला. १९२१ साली पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्याला हाच निर्णय आला. दंड करताना पुल्लिंगी शब्दात स्त्री येते आणि अधिकार देताना ती वगळली जाते, असा हा न्याय होता.

इंग्लंडमध्ये १९१९च्या कायद्याने स्त्रियांवरील ही बंदी उठली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९२१ साली कॉर्नेलियाबाईंची वकील म्हणून नोंद केली. देशभरातील अडथळा दूर झाला तो १९२३च्या कायद्याने. केवळ स्त्री आहे म्हणून कोणासही वकिलीस अपात्र ठरविता येणार नाही, असे त्याने स्पष्ट केले. त्याच सुमारास मिठन टाटा, म्हणजेच पुढच्या मिठन लाम, मुंबई उच्च न्यायालयातील पहिल्या स्त्री वकील झाल्या.

कॉर्नेलियाबाई कोर्ट ऑफ वॉर्ड्समधून निवृत्त झाल्यावर, वयाच्या सत्तावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या वर्षी, कलकत्त्यात वकिलीसाठी बसल्या. कायद्याने दार उघडले असले तरी माणसांची मने उघडली नव्हती. त्यांच्याकडे काम येई ते मुख्यत्वे लेखी अभिप्रायाचे. प्रत्यक्ष युक्तिवादाची संधी क्वचितच मिळे. ज्या अधिकारासाठी तीस वर्षे खर्ची पडली तो हाती आला तेव्हा उमेदीचा काळ सरला होता. १९२९ साली त्यांनी न्यायालयाचा निरोप घेतला आणि लंडनमध्ये वास्तव्य केले. १९३४ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मर्यादा आणि त्यांचा अर्थ

कॉर्नेलियाबाईंचा गौरव करताना त्यांच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. ब्रिटिश राजवटीवर त्यांची निष्ठा होती. गांधीजींच्या असहकाराला व कायदेभंगाला त्यांनी विरोध केला. १९२७ साली कॅथरिन मेयो यांच्या हिंदुस्थानची नालस्ती करणाऱ्या पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली. त्यामुळे ज्या समाजकार्यकर्त्या भगिनींचा आधार त्यांच्या योजनांना हवा होता त्याच दुरावल्या. ज्या देशाच्या स्त्रियांसाठी त्यांनी आयुष्य झिजविले त्या देशाने त्यांना दीर्घकाळ विस्मरणात टाकले, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.

परंतु त्यांच्या राजनिष्ठेहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. ज्या यंत्रणेत त्या काम करीत होत्या तिचा पायाच स्त्रीच्या अक्षमतेवर रचलेला होता. बंगालच्या १८७९च्या कायद्यात इस्टेट चालविण्यास असमर्थ ठरलेल्यांच्या यादीत अज्ञान मुले आणि वेडसर व्यक्ती यांच्या जोडीने स्त्रियाही होत्या. या चौकटीत स्त्रीला मिळणारी मदत ही पालकाने पाल्याला द्यावी तशी होती. शिवाय ती पोचली ती इस्टेटवाल्या घराण्यांतील स्त्रियांपर्यंत. त्याच वाड्यात भांडी घासणाऱ्या मोलकरणीचा किंवा त्याच जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या बायकोचा विचार या योजनेत नव्हता. एका असाधारण कर्तबगार व्यक्तीच्या परिश्रमावर ही व्यवस्था उभी होती. कायदेशीर साहाय्य हा हक्क आहे, ते शेवटच्या स्त्रीपर्यंत गेले पाहिजे आणि ते कोणा एकाच्या सद्भावनेवर अवलंबून राहता कामा नये, एवढी मजल मारण्यास स्वतंत्र भारताची राज्यघटना यावी लागली.

आजचा पडदा

ती मजलही एका दिवसात मारली गेली नाही. १९५६च्या वारसा कायद्याने हिंदू विधवेचा हयातीपुरता अधिकार जाऊन तिला पूर्ण मालकी मिळाली. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३९-अ हे कलम आले आणि आर्थिक वा अन्य दुर्बलतेमुळे कोणीही न्यायास मुकू नये, ही राज्याची जबाबदारी ठरली. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाचे गाऱ्हाणे शीला बर्वे नव्हे तर शीला बारसे या पत्रकार महिलेने सर्वोच्च न्यायालयापुढे नेले आणि १९८३ साली न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या व कायदेशीर साहाय्य यांबाबत आदेश दिले. १९८६ साली सुक दास प्रकरणात, आरोपीने मागितले नाही म्हणून मोफत वकील नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याची अंमलबजावणी ९ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार कोणतीही स्त्री, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी सेवेस पात्र आहे. वकिलाची फी, न्यायालयीन शुल्क, नकलांचा खर्च यांची तरतूद त्यात होते. जिल्ह्याला प्राधिकरण आणि तालुक्याला समिती अशी रचनाही उभी आहे.

उत्पन्नाची अट स्त्रीला लावलेली नाही, यामागे मोठे शहाणपण आहे. सधन घरातील स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा असतोच असे नाही, हे कॉर्नेलियाबाईंना जनानखान्यात दिसलेले वास्तव या तरतुदीने ओळखले आहे. वाड्यातील राणी कागदोपत्री धनवान आणि प्रत्यक्षात कारभाऱ्याची मिंधी असे. नवऱ्याच्या घरातून बाहेर काढलेली आजची स्त्रीही पुष्कळदा तशीच असते.

तथापि कलम आणि स्त्री यांच्यातील अंतर अजून उरले आहे. सुती वा रेशमी पडदा गेला असला तरी भावाच्या नावे हक्कसोड पत्रावर न वाचता सही करणारी बहीण आजही आढळते. तालुक्याच्या गावी जाण्याएवढे एसटीचे भाडे हाती नसणे, दिवसाची मजुरी बुडण्याची धास्ती, घरातील पुरुषाखेरीज न्यायालयात कसे जावे हा संकोच, आणि मोफत वकील मिळतो याची वार्ताच नसणे हे सारे पडदेच आहेत. मोफत नेमलेला वकील अशिलाशी तारखेच्या दिवशी दोन मिनिटे बोलून मोकळा होत असेल, तर तिचे म्हणणे पुन्हा दुसऱ्याच कोणाच्या तोंडून न्यायाधीशापुढे जाणार.

कॉर्नेलियाबाईंच्या अनुभवातून विधी सेवा समित्यांनी घेण्याजोगे धडे अगदी साधे आहेत. सल्ला देणाऱ्याने स्त्रीच्या दारी गेले पाहिजे. तिचे म्हणणे तिच्याच भाषेत, घरच्यांच्या अनुपस्थितीत ऐकले पाहिजे. सही करण्यापूर्वी कागद तिला वाचून दाखविला पाहिजे. आणि असे काम करणाऱ्या वकिलाला त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. एका बाईने पालखीतून आणि होडीतून जाऊन सहाशे वारसांसाठी हे केले. आज रस्ते आहेत, कायदा आहे, तालुक्यातालुक्यात समित्या आहेत आणि सनद घेतलेल्या स्त्री वकील हजारोंनी आहेत. कागदावरच्या सहीपूर्वी त्यांतली एखादी त्या बहिणीच्या घरी पोचते की नाही, यावर या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा व्हावयाची आहे.